जर्मन शेफर्डच्या डोळ्यावर चढणारा पडदा : पॅनसबद्दल बोलू या

तेरणाकाठ

आपल्या मराठवाड्यात आता शेतवस्तीवर, आखाड्यावर, शहरातल्या बंगल्यांत, सगळीकडे जर्मन शेफर्ड दिसतो. राखणीला चांगला, माणसाला जीव लावणारा. पण तीन ते पाच वर्षांचा झाला की यातल्या काहींच्या बुबुळावर लालसर आणि पुढे काळपट पडदा चढायला लागतो. घरचे म्हणतात फूल पडलं, मोतीबिंदू झाला, आता वय झालं. मग कुत्र्याला दिसेनासं होतं, ते चावेल म्हणून साखळी आखूड होते आणि उरलेलं आयुष्य ते एका जागी काढतं. हे आंधळेपण बहुतेक वेळा टाळता येतं. म्हणून हा धागा काढतेय.

आजाराचं नाव क्रॉनिक सुपरफिशियल केराटायटिस, बोलताना पॅनस. ऑस्ट्रियातल्या एका पशुनेत्रतज्ज्ञाच्या नावावरून यूबररायटर सिंड्रोम असंही म्हणतात. आमच्या वाघ्याला तो काही वर्षांपासून आहे. औषध रोज चालू आहे आणि फाटकापाशी कोण आलंय हे त्याला अजूनही लांबून दिसतं.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागात, म्हणजे कॉर्नियात, निरोगी असताना एकही रक्तवाहिनी नसते. म्हणून तर तो पारदर्शक राहतो. पॅनसमध्ये कुत्र्याच्या शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच या भागावर चालून येते. टी-लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी कॉर्नियात शिरतात, त्यांच्यामागून बारीक रक्तवाहिन्या येतात, मग ओल्या भिंतीवर शेवाळ चढावं तसा गुलाबी मांसल थर कडेकडून मध्याकडे सरकतो. त्याच्या मागोमाग काळा रंग उतरतो. काळा थर बुबुळाच्या मध्यावर आला की नजर गेली.

घरी कसं ओळखायचं, तर कुत्र्याला सावलीत बसवा आणि एका बाजूने बॅटरीचा उजेड तिरका टाका. पहिली खूण बहुतेक कानाकडच्या बाजूला दिसते, बुबुळ आणि पांढरा भाग मिळतात त्या कडेवर, थोडी खालच्या अंगाला. तिथे केसासारख्या लाल रेघा आत जाताना दिसतील. त्यांच्या पुढच्या टोकाला कधी कधी धुरकट पांढऱ्या ठिपक्यांची रांग असते. मग दुसरा डोळा बघा. पॅनस सहसा दोन्ही डोळ्यांत असतो, एकात कमी एकात जास्त. आणि कुत्रं डोळा चोळत नाही, मिटून बसत नाही, जेवण सोडत नाही. दुखत नसल्यामुळेच घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं.

हा बरा होणारा आजार नाही, धरून ठेवण्याचा आहे. थेंब थांबले की पडदा परत येतो.

निळू_केज

ताई, धागा एकदम वेळेवर काढलात. आमच्या टायगरचा डावा डोळा परवापासून लाल झालाय. पाणी गळायलंय, डोळा उघडतच नाही, पंजानं सारखं चोळायलंय. मधोमध पांढुरका डाग दिसतो. जर्मनच आहे, चार वर्षांचा. मेडिकलवाल्यानं एक ड्रॉप दिलाय, दोनदा टाकलाय. हा पॅनसच ना?

पशुवैद्य_बालाघाट

निळूभाऊ, आधी तो ड्रॉप थांबवा आणि डबीवर काय लिहिलंय ते इथे टाका. तुम्ही सांगताय त्यातली एकही गोष्ट पॅनसची नाही. एकच डोळा, दोन दिवसांत अचानक, उघडता न येण्याइतकं दुखणं, चोळणं, मधोमध पांढरा डाग. ही जखम वाटते. कॉर्नियाला जखम असताना स्टिरॉइडचा थेंब पडला तर ती भरत नाही, उलट खोल जाते. कुत्र्याचा कॉर्निया जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असतो. आरपार जायला वेळ लागत नाही. आजच्या आज दाखवा. तोवर पंजा डोळ्याला लागू देऊ नका, गळ्यात शंकूसारखी कॉलर घाला.

निळू_केज

डबीवर नियोमायसीन आणि डेक्सामेथासोन लिहिलंय सर. निघतोय लगेच.

पशुवैद्य_बालाघाट

डेक्सामेथासोन म्हणजे स्टिरॉइडच. बरं झालं थांबवलात.

बाकीच्यांसाठी याच निमित्ताने सांगतो. लाल डोळा दिसला की मेडिकलमधून मिळणारी अँटिबायोटिक-स्टिरॉइडची मिश्र बाटली आपल्याकडे सर्रास टाकली जाते. माणसालाही आणि जनावरालाही. पॅनसला स्टिरॉइड हेच पहिलं औषध आहे, जखमेला तेच स्टिरॉइड घातक आहे, आणि लांबून बघणाऱ्याला दोन्ही डोळे लालच दिसतात. फरक कळतो तो फ्लुरोसीनच्या पट्टीने. नारिंगी रंगाची कागदी पट्टी ओली करून डोळ्याला टेकवायची, डोळा धुवायचा, निळ्या उजेडात बघायचं. जखम असेल तिथे रंग धरतो आणि झगझगीत हिरवं दिसतं. पॅनसच्या पडद्यावर रंग धरत नाही. थोड्या वेळाने कुत्र्याच्या नाकपुडीतून हिरवं पाणी आलं तर घाबरू नका, अश्रूनलिका मोकळी आहे एवढाच त्याचा अर्थ.

ही पट्टी माणसांच्या डोळ्याच्या दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये सहज मिळते आणि महाग नाही. तुमच्या डॉक्टरांकडे नसेल तर आणून द्या. पण तपासल्याशिवाय स्टिरॉइड नको.

अनघा_नांदेड

माझा पग आहे, सहा वर्षांचा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत नाकाच्या बाजूने तपकिरी-काळा थर आलाय. चिकट पिवळसर घाण रोज सकाळी येते, पुसली की पुन्हा. हाही पॅनस म्हणायचा का?

पशुवैद्य_बालाघाट

अनघाताई, पगमध्ये नाकाकडून येणारा काळा थर वेगळा. त्याला पिगमेंटरी केराटायटिस म्हणतात. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे बाहेर आलेले असतात, पापणी पूर्ण मिटत नाही, नाकाच्या घडीवरचे केस घासतात. शिवाय चिकट घाण म्हणताय म्हणजे कोरडा डोळा आधी तपासा. शर्मर टेस्ट सांगा. खुणा केलेली कागदाची पट्टी खालच्या पापणीत एक मिनिट ठेवतात आणि ती किती मिलिमीटर भिजली ते मोजतात. पंधराच्या वर असेल तर अश्रू ठीक आहेत, दहाच्या खाली आलं तर कोरडेपणा धरायचा. ही टेस्ट डोळ्यात दुसरं काहीही टाकण्याआधी व्हायला हवी, नाहीतर आकडा चुकतो.

गंमत बघा, कोरड्या डोळ्यावर आणि पॅनसवर एक औषध सामाईक आहे, सायक्लोस्पोरिन. पण डोस, जोडीचं औषध आणि पुढची वाट वेगळी.

आणखी एक, आपल्या भागात हे विसरून चालत नाही. गोचीड. गोचिडातून होणाऱ्या एर्लिकिया या जंतूच्या संसर्गामुळे डोळ्याच्या आत सूज येते. डोळा निळसर धुरकट दिसतो, कधी आत रक्त उतरतं, ताप असतो, नाकातून रक्त येतं, कुत्रं मरगळतं. अशा वेळी रक्ततपासणी हवी. पॅनसच्या कुत्र्याला ताप नसतो.

कळंबकर

आमच्याकडं जुने लोक बैलाच्या डोळ्यात फूल पडलं की मीठ-तंबाखू चावून फुंकायचे. कुत्र्यालाही कुणी मध घालतं, कुणी तुरटीचं पाणी. माझ्या चुलत्याच्या जर्मनला महिनाभर मध घातला. थोडा फरक वाटला असं ते म्हणतात. पूर्ण चुकीचं आहे का हे?

तेरणाकाठ

कळंबकर दादा, मीठ-तंबाखू तर कुठल्याच जनावराच्या डोळ्यात नको. ते फुंकलं की डोळा पाण्याने भरतो, जनावर तडफडतं आणि त्या पाण्याबरोबर 'घाण निघाली' असं वाटतं. निघत काही नाही, वरचा थर भाजतो. तुरटीचंही तेच.

फरक वाटण्याचं कारण ऋतू असू शकतं. पॅनस उन्हाळ्यात भडकतो आणि पावसाळ्यात, थंडीत थोडा ओसरतो. कुठल्याही उपायाचा महिना नेमका जूनमध्ये संपला तर श्रेय त्या उपायाला जातं. पुढच्या मार्चमध्ये पडदा आणखी पुढे सरकलेला असतो. चुलत्यांना सांगा, मधात गेलेल्या काळात काळा रंग बसत जातो, आणि लाल थर औषधाने मागे जातो तसा काळा रंग जात नाही. वेळेची किंमत इथे आहे.

सोयाबीनपट्टा

धागा वाचतोय. एक शंका. आयुष्यभर स्टिरॉइड म्हणजे किडनी-लिव्हर जाणार नाही का? आमच्या डॉक्टरांनी ड्रॉप दिले होते, डोळा साफ झाला म्हणून आम्ही बंद केले. आता परत लाल दिसतंय. पुन्हा तेच सुरू करायचं का?

पशुवैद्य_बालाघाट

तुमच्यासारखेच बहुतेक जण थांबवतात. डोळा स्वच्छ दिसला म्हणजे आजार गेला असं वाटणं साहजिक आहे, आणि लिहून देताना 'हे कायमचं आहे' असं आम्हीही ठासून सांगायला हवं.

उपचार साधारण असा चालतो. जखम नाही याची खात्री झाल्यावर प्रेडनिसोलोन ॲसिटेट १ टक्का किंवा डेक्सामेथासोन ०.१ टक्का, दिवसातून तीन-चार वेळा, काही आठवडे. जोडीला सायक्लोस्पोरिनचं ०.२ टक्क्याचं मलम दिवसातून दोनदा. तीन-चार आठवड्यांनी परत बघायचं. लाल वाहिन्या मागे गेल्या, थर सपाट झाला की स्टिरॉइड हळूहळू कमी करत आणायचं. कुणाचं दिवसातून एकदा, कुणाचं दिवसाआड, कुणाचं फक्त सायक्लोस्पोरिनवर भागतं. त्या खालच्या पातळीवर कायम राहायचं आणि उन्हाळा तोंडावर आला की डॉक्टरांना विचारून पुन्हा वाढवायचं. काही कुत्र्यांना सायक्लोस्पोरिनऐवजी टॅक्रोलिमस ०.०३ टक्का लागू पडतं. दोन्ही औषधं सावकाश काम करतात, पूर्ण परिणामाला काही आठवडे जातात. पहिल्या आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका.

भीतीबद्दल. डोळ्यातल्या थेंबाने शरीरात जाणारी मात्रा गोळी-इंजेक्शनपेक्षा पुष्कळ कमी असते. पस्तीस किलोच्या जर्मनमध्ये ती सहसा अडचण करत नाही. लहान चणीच्या कुत्र्यात आणि मधुमेह असलेल्या कुत्र्यात मात्र विचार करून द्यावं लागतं. खरा धोका डोळ्यालाच आहे. स्टिरॉइड चालू असताना डोळ्याला ओरखडा गेला तर तो चिघळतो. म्हणून नियम एकच. औषध चालू असलेला कुत्रा अचानक डोळा मिटायला लागला की स्टिरॉइड तिथेच थांबवायचं आणि तपासून घ्यायचं.

तुम्ही पुन्हा सुरू करा, पण जुन्या बाटलीतून नाही. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यायची असते. आणि आधी पट्टी.

तेरणाकाठ

डॉक्टरांनी औषधाचं सांगितलं, मी उन्हाचं सांगते. माझ्या मते आपल्या भागात पॅनसचा निम्मा उपचार सावली आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

या आजाराला दोन गोष्टी जबाबदार धरतात. एक वंश. जर्मन शेफर्डमध्ये तो सगळ्यात जास्त, मग ग्रेहाउंड, बेल्जियन शेफर्ड, बॉर्डर कोली. दुसरी अतिनील किरणं. अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या उंच डोंगराळ भागातल्या कुत्र्यांमध्ये हा आजार जास्त आढळतो, जास्त तीव्र असतो आणि औषधाला कमी दाद देतो, कारण उंचीवर दर हजार मीटरला ही किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. आपण काही एवढ्या उंचावर नाही. पण आपल्याकडे आकाश महिनोन् महिने कोरडं आणि निरभ्र, झाडी विरळ. एप्रिल-मेच्या दुपारी यूव्ही इंडेक्स ११ च्या वर जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ११ पासून पुढे सगळ्यात वरचा, 'अतितीव्र' गट सुरू होतो.

इथे एक गैरसमज काढते. ऊन लागणं आणि अतिनील किरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण कुत्र्यासमोर पाण्याची बादली ठेवतो, पोत्यावर पाणी मारतो, कूलर लावतो. त्याने अंग थंड राहतं, डोळा वाचत नाही. हलक्या ढगांतूनही ही किरणं बऱ्याच प्रमाणात खाली येतात, त्यामुळे ऑक्टोबरच्या ढगाळ दुपारीसुद्धा सुटका नाही. शिवाय किरणं फक्त वरून येत नाहीत. कोरडी वाळू साधारण १५ टक्के परतवते, सिमेंटचं अंगणही काही प्रमाणात परतवतं. कुत्रं जमिनीला तोंड लावून पडतं, तेव्हा हे परतलेलं ऊन सरळ त्याच्या डोळ्यात.

वाघ्याची जागा आम्ही बदलली. आधी तो पत्र्याच्या शेडखाली असायचा. पत्र्याने वरून सावली होती पण तिन्ही बाजूंनी अंगण उघडं. सकाळचं ऊन पूर्वेकडून आणि दुपारनंतरचं पश्चिमेकडून सरळ आत. आता तो घराच्या उत्तरेच्या बाजूला, लिंबाखाली, जिथून मोकळं आकाश कमीत कमी दिसतं तिथे असतो. सावली चांगली की नाही हे बघायची सोपी रीत अशी की कुत्र्याच्या उंचीला वाकून बघायचं. तिथून जेवढं आकाश दिसतं तेवढी किरणं आत येतात. फिरणं सूर्य उगवायच्या आधी आणि मावळल्यावर. दिवसा दहा ते चार घरात. राखणीचं काम तसंही रात्रीचं.

ज्यांचं कुत्रं शेतात मोकळं असतं त्यांना हे अवघड जातं, कळतं मला. मग निदान दुपारी गोठ्यात बांधा. गोठ्याचा अंधार त्याच्या डोळ्याला चांगला आहे.

निळू_केज

सर, ताई, कळवतो. केजला ज्यांना दाखवलं त्यांनी तीच पट्टी लावली. मधोमध हिरवा डाग चमकला. पापणीच्या आतून बाभळीच्या काट्याचं टोक निघालं! आता अँटिबायोटिक ड्रॉप दर दोन तासांनी आहे, डोळ्याच्या आतलं दुखणं कमी करायला ॲट्रोपीन आहे आणि गळ्यात कॉलर. स्टिरॉइड अजिबात नाही म्हणाले. खोल गेली नाही जखम, दोन दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं असं म्हणाले. उपकार झाले तुमचे.

पशुवैद्य_बालाघाट

छान झालं. डाग पूर्ण जाईपर्यंत पट्टी लावून बघत राहा. ॲट्रोपीनने बाहुली मोठी राहील, म्हणून काही दिवस उजेड टाळा.

चाकूर_हाउंड

आम्ही जानवळकडचे. आमच्या भागात कारवानी जातीची शिकारी कुत्री पिढ्यान्‌पिढ्या पाळतात, हे सगळ्यांना माहीत आहे. वर ग्रेहाउंडचं नाव वाचलं म्हणून विचारतो. आमच्या एका मादीच्या दोन्ही डोळ्यांच्या कडेला लाली आहे, पण पडदा नाही. दोन वर्षांची आहे. दिवसभर रानात असते.

पशुवैद्य_बालाघाट

ग्रेहाउंडमध्ये हा आजार जर्मनपेक्षा लवकर, दोन-तीन वर्षांतच दिसू शकतो. तुमच्या मादीची लाली पांढऱ्या भागावर आहे की बुबुळाच्या आत शिरलीय, हा पहिला प्रश्न. पांढऱ्या भागावरच असेल तर धूळ, वारं, कुसळ, गोचीड यांचा विचार आधी करायचा. तुरीच्या, ज्वारीच्या धसकटातून पळणाऱ्या हाउंडच्या डोळ्यात तिसऱ्या पापणीमागे कुसळ अडकलेलं सापडतं, आणि ते काढलं की लाली जाते. लाल रेघा बुबुळाच्या कडेच्या आत शिरलेल्या दिसल्या तर मात्र पॅनस धरून तपासा. मोबाइलने दर पंधरा दिवसांनी त्याच बाजूने, तशाच उजेडात फोटो काढून ठेवा. सरकतंय की थांबलंय ते फोटोत लगेच कळतं.

जालना_रोड

तिसरी पापणी म्हणालात म्हणून. आमच्या जर्मनचं बुबुळ एकदम स्वच्छ आहे. पण नाकाकडच्या कोपऱ्यातली पापणी सुजल्यासारखी, जाड, आणि तिची काळी कड ठिकठिकाणी गुलाबी पडलीय. बारीक गोटे गोटे दिसतात. हे कशात मोडतं?

पशुवैद्य_बालाघाट

यालाही पॅनसचंच भावंड समजा. प्लाझ्मोमा म्हणतात. प्लाझ्मा पेशी तिसऱ्या पापणीत साठतात, कडेचा काळा रंग उडतो, पृष्ठभाग खडबडीत होतो. जर्मनमध्येच जास्त. कधी एकटा असतो, कधी पॅनसबरोबर. औषधं तीच, सायक्लोस्पोरिन आणि स्टिरॉइड, आणि सहसा चांगली लागू पडतात. ऊन इथेही टाळायचं. तिसऱ्या पापणीवर कधीमधी गाठही येते, म्हणून एकाच डोळ्यात असेल आणि वाढत असेल तर तुकडा तपासायला पाठवावा.

अनघा_नांदेड

शर्मर केली. एका डोळ्यात सात, दुसऱ्यात पाच. कोरडा डोळा आहे म्हणून सायक्लोस्पोरिन आणि कृत्रिम अश्रू सुरू केले. धन्यवाद डॉक्टर. एक अडचण, जनावरांचं ०.२ टक्क्याचं मलम इथे मिळत नाही, माणसांचे ड्रॉप ०.०५ टक्क्याचे मिळतात. चालतील?

पशुवैद्य_बालाघाट

माणसांचे ०.०५ चे ड्रॉप चौपट पातळ आहेत. कुत्र्याच्या कोरड्या डोळ्याला आणि पॅनसला ते सहसा कमी पडतात. माणसांसाठीच ०.१ टक्काही मिळतं, मलम येईपर्यंत ते वापरता येईल का हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मलम मोठ्या शहरातून मागवता येतं, म्हणून एक ट्यूब संपायच्या आत दुसरी घरात हवी. त्वचेला लावायचं टॅक्रोलिमस मात्र डोळ्यात घालू नका.

वैजापूरवाली

थेंब घालताना आमचा रॉकी दोघांना आवरत नाही. पन्नास टक्के औषध गालावर जातं. तेरणाकाठताई, तुम्ही रोज कसं करता?

तेरणाकाठ

समोरून जाऊ नका. समोरून हात आला की ते मान मागे घेणारच. त्याला भिंतीच्या कोपऱ्यात पाठ करून बसवा, म्हणजे मागे सरकता येत नाही. तुम्ही त्याच्या पाठीमागे किंवा बाजूला गुडघ्यावर. डाव्या हाताने हनुवटी वर उचला, त्याच हाताच्या अंगठ्याने खालची पापणी किंचित ओढा. उजव्या हाताचा तळवा त्याच्या कपाळावर टेकवा आणि बाटली वरून, डोक्यामागून आणा. त्याला ती दिसतच नाही. हात कपाळावर टेकलेला असला की त्याने डोकं हलवलं तरी हात बरोबर हलतो, बाटलीचं टोक डोळ्याला लागत नाही. एक थेंब पुरतो, डोळ्यात दुसऱ्याला जागाच नसते.

प्रेडनिसोलोनची बाटली आधी नीट हलवा, औषध तळाला बसलेलं असतं. दोन औषधं असतील तर मध्ये पाच-दहा मिनिटं जाऊ द्या. आधी थेंब, मग मलम. मलम आधी घातलं तर त्यावरून थेंब घसरून जातो. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस बोटाला लागलं तर हात धुवा, घरात गरोदर बाई असेल तर तिने हातमोजे घालूनच लावावं. आणि प्रत्येक वेळी लगेच काहीतरी आवडीचं द्या. वाघ्याला भाकरीचा तुकडा पुरतो. आता बाटलीचा आवाज आला की तो स्वतः कोपऱ्यात जाऊन बसतो.

सोयाबीनपट्टा

गॉगलचं काय? इंटरनेटवर कुत्र्यांचे गॉगल दिसतात.

तेरणाकाठ

डॉगल्स, रेक्स स्पेक्स या नावांचे मिळतात, अतिनील किरणं अडवणाऱ्या काचेचे. उपयोग होतो, पण सवय लावावी लागते. आधी दोन मिनिटं, तेही जेवताना. माप चुकलं तर कड डोळ्याला घासते, म्हणून डोक्याचा घेर आणि नाकापासूनचं अंतर मोजून मगच मागवा. आमच्या उकाड्यात आत वाफ धरते, धूळ जाते, म्हणून आम्ही फक्त दवाखान्यात नेताना, गाडीवर, आणि दिवसा बाहेर काढणं टळत नाही तेव्हाच घालतो. पैसे मर्यादित असतील तर आधी औषध, मग सावलीची जागा, गॉगल शेवटी.

कळंबकर

ऑपरेशननं पडदा काढता येत नाही का? एकदाचं काम.

पशुवैद्य_बालाघाट

काढता येतो, पण एकदाचं काम होत नाही. सुपरफिशियल केराटेक्टॉमी म्हणजे कॉर्नियाचा वरचा काळा थर सूक्ष्मदर्शकाखाली सोलून काढतात. काळ्या रंगाने नजर पूर्ण गेली असेल तेव्हाच विचार करायचा, कारण आजार शरीराच्या प्रतिकारशक्तीत आहे, पडद्यात नाही. नंतर औषध नसेल तर पडदा परत येतो. दर वेळी कॉर्निया थोडा पातळ होतो, म्हणून ऑपरेशन पुन्हा पुन्हा करता येत नाही. परदेशात काही ठिकाणी स्ट्रॉन्शियम-९० ची बीटा किरणं देतात. थेंबाला दाद न देणाऱ्या डोळ्यात पापणीच्या आतल्या त्वचेखाली स्टिरॉइडचं इंजेक्शनही देतात. पण चुलत्यांच्या जर्मनला आधी थेंब नीट, न चुकता, दोन महिने घालून बघा. बहुतेकांचं तेवढ्यात भागतं.

जालना_रोड

आमच्या नराला लोक मादी दाखवायला आणतात. दिसायला देखणा आहे. प्लाझ्मोमा असताना पिल्लं काढली तर?

पशुवैद्य_बालाघाट

काढू नका. जर्मन शेफर्डमध्ये प्रतिकारशक्तीच्या काही विशिष्ट जनुकांशी पॅनसचा संबंध दिसलेला आहे, म्हणजे हा कल वंशातून पुढे जातो. अडचण ही की आजार दिसेपर्यंत कुत्रं तीन-चार वर्षांचं होतं आणि तोवर त्याची पिल्लं वाटून झालेली असतात. तुम्हाला आज माहीत आहे. मादी आणणाऱ्यांना स्पष्ट सांगा. पिल्लू घेणाऱ्यांनीही आईबापाचे डोळे बॅटरीने बघून घ्यावेत, तोही चांगला चार-पाच वर्षांचा बाप असेल तर जास्त बरं.

जालना_रोड

पटलं. नाही काढणार.

सोयाबीनपट्टा

आमच्या तालुक्याला पट्टी नाही, शर्मर नाही. परभणीला न्यायचं ठरवलंय. काय काय बरोबर घ्यावं?

तेरणाकाठ

परभणीचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९७२ पासूनचं आहे, लातूर-नांदेडच्या बाजूच्या लोकांना उदगीरचं जवळ पडतं. निघण्याआधी फोन करून डोळे तपासणारे डॉक्टर कोणत्या दिवशी असतात ते विचारा, म्हणजे खेप वाया जात नाही.

आतापर्यंत घातलेल्या सगळ्या बाटल्या घेऊन जा, रिकाम्यासुद्धा. मोबाइलमधले जुने फोटो काढून ठेवा, ज्यात कुत्र्याचे डोळे नीट दिसतात असे, मग पडदा कधीपासून आहे ते डॉक्टरांना कळेल. त्या दिवशी सकाळी डोळ्यात काही घालू नका, शर्मरचा आकडा बिघडतो. लसीकरणाचं कार्ड, गोचिडाचं औषध कधी दिलं ती तारीख. पहाटेच निघा. गाडीच्या खिडकीला जाड कापड लावा आणि त्याला खिडकीतून तोंड बाहेर काढू देऊ नका, वाऱ्याबरोबर कचरा सरळ डोळ्यात जातो. आणि पुढच्या तपासणीची तारीख तिथेच विचारून घ्या. पहिली तीन-चार आठवड्यांनी, मग डोळा स्थिरावला की तीन ते सहा महिन्यांनी. त्यातली एक मार्चच्या आत येईल अशी मागा.